आधी प्रेक्षक, मग रंगमंदिर : हेग्गोडूच्या ‘नीनासम’चा अभ्यास

तालुक्याच्या गावी नाट्यगृह हवं, ही मागणी महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. पुष्कळ ठिकाणी ती पुरीही होते. भूमिपूजन होतं, काही वर्षांनी कोनशिला बसते, उद्घाटनाला मुंबईहून गाजलेलं व्यावसायिक नाटक येतं आणि हाउसफुल्ल होतं. पुढे शाळांची स्नेहसंमेलनं, पतसंस्थांच्या वार्षिक सभा, सत्कार समारंभ. नाटकाचे प्रयोग वर्षाला बोटांवर मोजावेत इतकेच. खुर्च्या फाटतात, वातानुकूलन बंद पडतं आणि नूतनीकरणाची मागणी सुरू होते. त्याच गावात एकांकिका करणारी मुलं तालमीला जागा शोधत शाळेच्या व्हरांड्यात उभी असतात, कारण नाट्यगृहाचं भाडं त्यांना परवडत नाही.

कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यानं हा सगळा क्रम उलटा लावला. तिथली संस्था १९४९ साली सुरू झाली आणि तिचं रंगमंदिर १९७२ साली उभं राहिलं. मधल्या तेवीस वर्षांत इमारत नव्हती, पण नाटक होतं, वाचन होतं, आणि मुख्य म्हणजे पाहणारी माणसं तयार होत होती. रंगमंदिरानंतर नाट्यशिक्षणाची शाळा यायला आणखी आठ वर्षं लागली. गावातल्या तरुणांसाठी आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी कलाकेंद्र कसं चालवावं, या प्रश्नाचं हेग्गोडूनं दिलेलं उत्तर या क्रमात दडलेलं आहे, असं मला वाटतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

गाव आणि माणसं

हेग्गोडू शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात आहे. मलनाडचा हा प्रदेश म्हणजे सुपारीच्या बागा, खाचरातलं भात आणि चार महिने न थांबणारा पाऊस. जोगचा धबधबा याच तालुक्याच्या कडेला. महाराष्ट्रातून जाणाऱ्याला कोकण रेल्वेनं होन्नावरला उतरून, शरावतीच्या काठाकाठानं घाट चढून, जोगवरून सागरला पोचता येतं. त्या वाटेच्या पायथ्याशी, होन्नावरजवळ, कर्की नावाचं गाव आहे. तिथल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलं. आपण ज्याला मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणतो त्याचा एक धागा या घाटाखालून येतो. हेग्गोडूकडे परका मुलूख म्हणून पाहण्याचं म्हणूनच काही कारण नाही.

संस्थेचं पूर्ण नाव ‘नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ’. नीलकंठेश्वर हे देवाचं नाव आणि आद्याक्षरांवरून नीनासम. गावातल्या काही तरुणांनी नाटकं करायला म्हणून ती काढली. त्यांच्यात के. व्ही. सुब्बण्णा होते, तेव्हा सतरा वर्षांचे. घरची सुपारीची शेती. पुढे ते म्हैसूरला महाराजा कॉलेजात शिकले, तिथे कन्नडचे मोठे कवी कुवेंपूंसारखे शिक्षक त्यांना मिळाले. पदवी घेऊन ते गावी परतले आणि जन्मभर तिथेच राहिले. २००५ साली ते गेले.

त्या काळात सागर तालुका शांत नव्हता. १९५१ साली हेग्गोडूपासून जवळच्या कागोडू गावात कुळांनी सत्याग्रह केला. खंडाचं भात मोजून घेण्याचं माप जमीनदारांनी मोठं ठेवलं होतं, त्याविरुद्धचा तो लढा होता. समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया तिथे आले आणि त्यांना अटक झाली. लोहियांच्या विचाराचा सुब्बण्णांवर खोल परिणाम होता. जाणकारी शहरातून खेड्याकडे उतरते, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. जगातलं सगळ्यात चांगलं ते आपल्या गावात, आपल्या भाषेत आणायचं आणि गावानं ते स्वतःच्या मापानं मोजायचं, हा त्यांचा आग्रह होता. संस्थेचा पुढचा प्रत्येक निर्णय या आग्रहाशी ताडून पाहता येतो.

इमारतीआधीची तेवीस वर्षं

या काळाबद्दल सहसा दोन ओळींत उरकतात. माझ्या मते अभ्यास करायचा तो इथेच.

मंडळी हौशी होती. दिवसा बागेत, दुकानात, शाळेत काम आणि रात्री तालीम. अशी मंडळं कोकणात, देशावर, विदर्भाच्या झाडीपट्टीत शेकड्यांनी झाली. गणपतीला किंवा जत्रेला नाटक बसवणारं गाव आपल्याकडे नवलाचं नाही. हेग्गोडूत त्याच्या जोडीला पुस्तकं आली. सुब्बण्णांनी ‘अक्षर प्रकाशन’ सुरू केलं आणि कन्नडमधलं महत्त्वाचं नवं लेखन या खेड्यातून छापून बाहेर पडू लागलं. त्यांनी स्वतः भाषांतरं केली: कालिदासाचं शाकुंतल, गोगोलचं सरकारी अधिकाऱ्यांवरचं प्रहसन, ब्रेख्तचं संगीत नाटक. भाषांतर करणारा माणूस, छापणारी संस्था, नाटक बसवणारं मंडळ आणि ते पाहणारं गाव ही सगळी हाकेच्या अंतरावर होती. भाषांतरातलं एखादं वाक्य अवघड गेलं तर तालमीतच कळायचं, कारण बोलणारा नट शेजारच्या बागेतला होता.

रंगमंदिर झालं ते कन्नडचे थोर लेखक शिवराम कारंत यांच्या नावानं. सुपारीच्या बागांमधल्या खेड्यात ते उभं राहिलं तेव्हा ‘इथे काय करायचं’ हा प्रश्न कुणाला पडला नाही. करण्यासारखं आधीच साचलं होतं.

पुण्याहून आलेले डबे

१९७३ साली नीनासमनं ‘चित्रसमाज’ ही फिल्म सोसायटी काढली. शहरातल्या फिल्म सोसायट्या तेव्हा बहुधा इंग्रजी जाणणाऱ्या सुशिक्षितांच्या असत. हेग्गोडूत समोर बसणार होते शेतकरी, मजूर, शाळकरी मुलं, घरकाम आटोपून आलेल्या बायका.

इथे महाराष्ट्राचा थेट हात लागला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आणि पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर या दोघांनी हेग्गोडूचं काम मनापासून उचललं. संग्रहालयातल्या सोळा मिलिमीटरच्या प्रिंट गावात आल्या. सत्यजित राय, जपानचे कुरोसावा, इटलीतले नववास्तववादी दिग्दर्शक यांचे चित्रपट गावानं पाहिले. १९७९ पासून रसास्वादाचं निवासी शिबिर भरू लागलं. पुण्यात उन्हाळ्यात महिनाभर चालणाऱ्या वर्गासारखंच ते, पण कन्नडमधून आणि खेड्यातल्या माणसाला धरून.

यात एक साधी अडचण होती. चित्रपट जपानी किंवा इटालियन आणि खालची अक्षरं इंग्रजी. ती वाचता येणारे थोडे. म्हणून चित्रपट काय आहे, कुठल्या देशातला आहे, कशावर लक्ष ठेवा, हे कुणीतरी कन्नडमध्ये आधी सांगायला हवं होतं, आणि नंतर बोलणंही व्हायला हवं होतं. ही तयारी कार्यक्रमाचाच भाग झाली. गरजेपोटी लागलेली ही सवय पुढे संस्थेची ताकद बनली. समजावून सांगणाऱ्याला स्वतःला नीट समजावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला आपलं मत मांडायची जागा मिळते. जगातला श्रेष्ठ सिनेमा खेडुतांना कळणार नाही, असं मानणाऱ्यांना हेग्गोडूनं दिलेलं उत्तर आजही सांगितलं जातं. नायर यांच्यावरच्या माहितीपटात इथले गावकरी त्या चित्रपटांबद्दल बोलतात तेव्हा ते पाठ केलेलं बोलत नाहीत. ‘बायसिकल थीव्हज’मधल्या, सायकल चोरीला गेलेल्या बापाची गोष्ट समजायला शेतकऱ्याला अडचण ती काय येणार?

तरुणांच्या बाजूनं पाहिलं तर या काळात एक पिढी वाढली जिच्या लहानपणीच्या आठवणींत गावची जत्रा, यक्षगान हे तिकडचं पारंपरिक लोकनाट्य आणि कुरोसावा शेजारी शेजारी आहेत. यातला प्रत्येक जण कलाकार झाला नाही आणि व्हायची गरजही नव्हती. शाळामास्तर, सहकारी सोसायटीचा कारकून, बागायतदार अशी ही माणसं पुढच्या पन्नास वर्षांची प्रेक्षक झाली.

शाळा

१९८० साली ‘नीनासम रंगशिक्षण केंद्र’ सुरू झालं. एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम, माध्यम कन्नड. तुकडी लहान, वीसच्या आतबाहेर. विद्यार्थी कर्नाटकाच्या सगळ्या भागांतून येतात, आणि पुष्कळसे खेड्यापाड्यातून. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं तर इंग्रजी-हिंदीचा अडसर, राहण्याचा खर्च, मुलाखतीची भीती. गावात राहून, आपल्या भाषेत, पण तेवढ्याच गंभीरपणे नाटक शिकता यावं, ही सोय इथे झाली.

शिकवण्यात अभिनयाबरोबर नाटकाचा इतिहास, संस्कृत नाटक, पाश्चात्त्य नाटक, यक्षगान, रंगभूषा, प्रकाशयोजना, नेपथ्य सगळं येतं. वर्षभरात विद्यार्थी वेगवेगळ्या धाटणीची नाटकं बसवतात आणि ती गावासमोर होतात. हा मुद्दा छोटा वाटतो, पण आहे मोठा. नाट्यशाळेतल्या मुलांचे प्रयोग बहुतेक ठिकाणी मित्र, शिक्षक आणि परीक्षक पाहतात. हेग्गोडूतल्या मुलासमोर चाळीस वर्षं नाटक पाहत आलेला बागायतदार बसलेला असतो. त्याला नटाच्या गुणपत्रिकेशी देणंघेणं नाही. कंटाळा आला तर तो चुळबूळ करतो. एवढा खरा परीक्षक फार थोड्या शाळांना लाभतो.

चिदंबरराव जंबे यांच्यासारखे दिग्दर्शक इथे शिकवत आले. सुब्बण्णांचे चिरंजीव के. व्ही. अक्षर दिल्लीला नाट्यशिक्षण घेऊन आणि पुढे परदेशात शिकून परतले आणि नाटककार-दिग्दर्शक म्हणून त्यांनी इथेच काम केलं. नाट्यदिग्दर्शक बी. व्ही. कारंतांनी संस्थेसाठी नाटकं बसवली. अच्युत कुमार यांच्यासारखे कन्नड चित्रपटातले नावाजलेले नट इथून गेले. एका अभिनेत्यानं तर संस्थेचं नाव आपल्या नावाला जोडलं. सतीश नीनासम म्हणूनच लोक त्याला ओळखतात.

तिरुगाट

शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी करायचं काय? आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या नाट्यशास्त्र विभागांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसमोर हाच प्रश्न आ वासून उभा असतो. मुंबईला जायचं, मालिकेत काम मिळेपर्यंत खोली भाड्यानं घ्यायची, हे ठरलेलं.

नीनासमनं १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ हे फिरतं नाट्यपथक काढलं. पावसाळ्यात तालमी, दसऱ्याच्या सुमारास हेग्गोडूला पहिले प्रयोग आणि मग सुमारे चार महिने कर्नाटकभर दौरा. दरवर्षी नवी नाटकं, सहसा दोन-तीन. शेक्सपियर, ब्रेख्त, भास-कालिदास आणि कन्नड लेखक यांची सरमिसळ. पथकात प्रामुख्यानं पदविका घेतलेली मुलं. नट, प्रकाशवाले, सामान वाहणारे असे वेगळे वर्ग नाहीत. सगळे सगळं करतात. जोरातल्या वर्षी शंभरावर प्रयोग होतात. तालुक्याच्या गावी, शाळेच्या मैदानावर, महाविद्यालयाच्या सभागृहात, मिळेल तिथे.

याचं अर्थकारण समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक गावात प्रयोग भरवणारं स्थानिक मंडळ असतं. पथकाला द्यायची रक्कम ते मंडळ तिकीट आणि वर्गणीतून उभी करतं, मुलांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था करतं. बाकी अनुदान, देणग्या आणि प्रकाशनासारख्या कामांचा हातभार. तिकिटाचे पैसे थोडे असतात हे खरं, पण ते गोळा करायला गावातल्या पाच-दहा तरुणांना दारोदार जावं लागतं, नाटकाबद्दल बोलावं लागतं. ही मुलं कुठल्याच यादीत कलाकार म्हणून दिसत नाहीत. तरी माझ्या लेखी केंद्राचा सगळ्यात मोठा युवा-उपक्रम हाच आहे, आणि तो केंद्राच्या आवारापासून दोनशे-तीनशे किलोमीटर दूर चालतो.

त्याआधी, १९८३ च्या सुमारास, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं ‘जनस्पंदन’ हा प्रकल्प झाला होता. त्यात गावोगाव नाट्यशिबिरं आणि चित्रपट शिबिरं घेतली गेली. बाहेरचा पैसा आला, काम झालं, पैसा थांबला. पण त्या काळात जोडलेली गावं पुढच्या दौऱ्यांना उपयोगी पडली असणार. प्रकल्पाच्या निधीतून इमारत उठवण्याऐवजी माणसं जोडली, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

पाहुण्यांचं काय?

हेग्गोडूला पाहुणे पुष्कळ येतात. जोग पाहायला आलेले, इक्केरी-केळदीची देवळं पाहणारे, रंगकर्मी, संशोधक, परदेशी अभ्यासक. शेजारीच प्रसन्ना या रंगकर्मीनं उभारलेली ‘चरक’ ही स्त्रियांची हातमाग सहकारी संस्था आहे; तिथलं नैसर्गिक रंगातलं कापड घ्यायलाही लोक वाट वाकडी करतात.

पर्यटकांचा ओघ असलेल्या जागी कलाकेंद्रं बहुधा एका वाटेला लागतात. पाहुण्यासाठी वेगळा, आखूड, सोपा कार्यक्रम तयार होतो. तासाभराचं नृत्य, रंगीत पोशाख, फोटो, विक्रीचं दुकान. यातून पोट चालतं, आणि ज्यांच्याकडे दुसरं साधन नाही त्यांना मी दोष देणार नाही. पण स्थानिक मुलं त्यात हळूहळू नमुना होऊन बसतात. जे आपण एकमेकांसाठी करत नाही ते पाहुण्यांसाठी करू लागतो.

नीनासमनं पाहुण्यासाठी वेगळं दालन ठेवलं नाही. यायचं तर गावाबरोबर बसून, गावासाठी जे चाललं आहे तेच पाहायचं. याचं ठळक रूप म्हणजे दरवर्षी ऑक्टोबरात भरणारं संस्कृती शिबिर. चित्रपट रसास्वाद शिबिराचाच हा पुढचा अवतार. आठवडाभर राज्यभरातले शंभरावर लोक येऊन राहतात. त्यांत शिक्षक, कारकून, विद्यार्थी, शेतकरी, बँकेतले, लेखक. दिवसा व्याख्यानं, कवितावाचन, चर्चा, संध्याकाळी नाटकं. कन्नड कादंबरीकार यू. आर. अनंतमूर्ती कित्येक वर्षं या शिबिराचा आधारस्तंभ होते. डी. आर. नागराज यांच्यासारखे विचारवंत इथे बोलले. इतर भाषांतले रंगकर्मी, संगीतकार, समीक्षक येतात. संध्याकाळच्या प्रयोगाला गावकरी येऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाटकावर चर्चा होते. आदल्या रात्री काम केलेली वीस-बावीस वर्षांची मुलं तिथे असतात. अनंतमूर्तींच्या तोलामोलाच्या माणसाशी नाटकावर बोलण्याची संधी त्या मुलांना बंगळूरच्या सभागृहात मिळाली नसती.

म्हणजे पाहुणा इथे गिऱ्हाईक नाही. तो तरुणांच्या शिक्षणातला एक भाग आहे. तज्ज्ञ असेल तर शिकवायला, नसेल तर निदान नवं डोकं आणि नवे प्रश्न घेऊन आलेला प्रेक्षक म्हणून. आणि त्याला मिळतं काय? शहरातल्या महोत्सवात न मिळणारी गोष्ट: ज्यांच्यासाठी नाटक केलं त्या माणसांच्या शेजारी बसून ते पाहणं. कन्नड न येणाऱ्यालाही प्रेक्षकागारातली शांतता आणि हशा वाचता येतो.

जिथे खटकतं

हे प्रकरण कौतुकापुरतं ठेवलं तर अभ्यास होणार नाही.

पहिला प्रश्न जातीचा आणि जमिनीचा. सुपारीच्या बागा असलेला या भागातला हव्यक ब्राह्मण समाज शिकलेला, सुस्थितीतला. संस्था उभी राहिली ती त्या वर्गातल्या मुलांच्या पुढाकारानं. कागोडूत लढलेली कुळं बहुतांशी दीवरु समाजाची होती. सुब्बण्णांना याची जाण होती. लोहियांच्या वाटेनं गेलेल्या माणसाला ती असणारच. दौरे, शिबिरं, राज्यभरातून सगळ्या समाजांतली मुलं घेणारी शाळा यांमुळे संस्थेचा पाया रुंद झाला. विशेष सांगण्यासारखं काम म्हणजे उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दी समाजाबरोबरचं. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. आपल्याला जंजिऱ्याचे सिद्दी माहीत असतात, हे त्यांचे दूरचे भाऊबंद. जंबे यांनी सिद्दी मंडळींना घेऊन नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या कादंबरीवर आधारलेलं नाटक बसवलं. आफ्रिकेतली गोष्ट, सांगणारेही मूळ आफ्रिकेचे, भाषा कन्नड. पुढे सिद्दी समाजातून नीनासममध्ये शिकलेले कलाकार घडले. तरीही व्यासपीठावर बोलणारे कोण आणि संस्थेचे निर्णय घेणारे कोण, हा प्रश्न अशा कुठल्याही केंद्राला सतत विचारत राहायला हवा. एका घराण्याच्या तीन पिढ्यांच्या जिवावर उभ्या असलेल्या संस्थेला तर अधिकच.

दुसरा प्रश्न मुलांच्या जाण्याचा. शाळेतून निघालेली कितीतरी मुलं दूरदर्शन मालिका आणि सिनेमाकडे वळतात. याबद्दल हळहळणाऱ्यांशी मी सहमत नाही. शेतमजुराच्या मुलानं शिकून पैसे मिळवले तर त्यात वाईट काय? खरी कसोटी अशी की जे गेले नाहीत त्यांचं काय झालं. त्यांच्यातल्या अनेकांनी आपापल्या जिल्ह्यात नाट्यसंघ काढले, शाळांत नाटक शिकवायला घेतलं, मुलांची शिबिरं भरवली. दौऱ्याला गावोगाव जे यजमान भेटतात त्यांत हे जुने विद्यार्थी आहेत. शाळेचं काम त्यांच्या रूपानं पसरलं.

तिसरा प्रश्न, ज्यावर मला पक्कं उत्तर सापडत नाही. सुब्बण्णांच्या पिढीला सिनेमा दुर्मीळ होता. पुण्याहून प्रिंट येणार म्हणजे गाव वाट पाहायचं. आज तोच चित्रपट मुलाच्या खिशातल्या फोनवर आहे. दुर्मीळपणाच्या जोरावर माणसं जमवता येत नाहीत. उरतं ते एकत्र पाहणं आणि पाहिल्यावर बोलणं. नाटकाला हे अजून साधतं, कारण नट समोर घाम गाळत असतो. सिनेमाच्या बाबतीत हेग्गोडूचा जुना धडा आज जसाच्या तसा गिरवता येणार नाही.

१९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि खेड्यातल्या या संस्थेकडे जगाचं लक्ष गेलं. एवढ्या नावानंतर बंगळूरला मोठं संकुल काढण्याचा मोह कुणालाही झाला असता. केंद्र हेग्गोडूतच राहिलं.

आपल्याकडे कुठून सुरुवात करता येईल

महाराष्ट्रात कच्चा माल कमी नाही. दशावतार, झाडीपट्टीची रंगभूमी, राज्य नाट्य स्पर्धा, पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांची परंपरा. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानानं तालुक्याच्या गावी प्रायोगिक नाटकाला जाणता प्रेक्षक मिळवून दाखवला आहे. अडतं ते स्पर्धेपाशी. आपल्या तरुणांची बहुतेक ताकद स्पर्धेवर खर्च होते. चाळीस मिनिटांची एकांकिका, परीक्षकांना काय आवडेल याचा अंदाज, बक्षीस मिळालं तर मुंबई, नाही मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा. ज्या गावात ती बसवली त्या गावानं ती पाहिलेलीच नसते.

हेग्गोडूचं प्रकरण समोर ठेवून तालुक्यातल्या एखाद्या मंडळानं पहिलं वर्ष काढायचं ठरवलं, तर इमारतीच्या मागणीचा अर्ज बाजूला ठेवावा. शाळेचं सभागृह किंवा मंगल कार्यालय आठवड्यातली एक संध्याकाळ मिळालं तरी पुरे. महिन्याला एक चित्रपट, आधी पंधरा मिनिटं मराठीत ओळख आणि नंतर अर्धा तास बोलणं. स्पर्धेसाठी बसवलेली एकांकिका आधी गावासमोर करायची, स्पर्धेनंतर पुन्हा एकदा करायची, आणि दोन्हींत काय बदललं यावर मुलांशी बोलायचं. बाहेरचा कुणी लेखक, दिग्दर्शक, गायक जवळून जात असेल तर त्याला सत्कारासाठी न बोलावता मुलांच्या तालमीत बसवायचं, एक मुक्काम कुणाच्या तरी घरी ठेवून घ्यायचं. शाल-श्रीफळाचा खर्च वाचतो, त्यात त्याचं गाडीभाडं निघतं.

तिकीट मात्र पहिल्या दिवसापासून लावावं. वीस रुपये असो की दहा, पण फुकट नको, आणि ते विकायला मंडळातल्या सगळ्यात लहान मुलांना पाठवावं. दारात उभं राहून ‘काका, शनिवारी नाटक आहे, कशाबद्दल आहे सांगू का?’ असं विचारताना त्या मुलाला ते नाटक पहिल्यांदा स्वतःला कळतं.